सदुसष्ट, एकसष्ट आणि वऱ्हाडचा एक टीकाकार

पूर्णा नदी सातपुड्याच्या डोंगरांतून उतरते, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या काळ्या जमिनींतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेव येथें तापीस मिळते. वऱ्हाडांत तिला पयोष्णी या पुराणांतील नांवानेंहि ओळखतात. या पयोष्णीच्या कांठीं, एलिचपुराच्या म्हणजे आजच्या अचलपुराच्या प्रदेशांत, दधिग्राम नांवाचें एक गांव होतें. दहिगांव नांवाचीं गांवें या दोन्ही जिल्ह्यांत आजहि आहेत. वऱ्हाडावर इमादशाहीचा अंमल असतांना दधिग्रामीं ज्योतिष्यांचें एक घराणें नांदत होतें. या घराण्याचें स्मरण आज वऱ्हाडांत फारसें कोणी करीत नाहीं. परंतु भारतीय गणिताच्या इतिहासांत त्याचें स्थान असें आहे कीं तें वगळून तो इतिहास लिहितां येत नाहीं.

घराण्याचा मूळपुरुष चिंतामणि. त्याचा पुत्र राम. विदर्भाचा राजा त्याच्या वचनाबाहेर जात नसे, असें त्याच्या वंशजांनीं आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. वंशजांच्या अशा वाक्यांवर किती भार टाकावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. रामाचा पुत्र त्रिमल्ल आणि त्रिमल्लाचा पुत्र बल्लाळ. हा बल्लाळ दधिग्राम सोडून काशीस जाऊन राहिला. दक्षिणेंतील विद्वान घराण्यांनीं काशीची वाट धरावी असा तो काळ होता. इकडे इमादशाही १५७४ सालीं अहमदनगरकरांनीं बुडविली, १५९६ सालीं वऱ्हाड मोंगलांच्या हातीं गेलें, आणि सैन्यांच्या येण्याजाण्यानें हा मुलूख तुडविला गेला. काशींत गंगेच्या कांठीं बल्लाळाचे पुत्र पंडित म्हणून नांवारूपास आले. त्यांतील रंगनाथानें सूर्यसिद्धान्तावर ‘गूढार्थप्रकाशक’ नांवाची टीका १६०३ सालीं पुरी केली. त्याच सुमारास त्याला मुनीश्वर हा पुत्र झाला, आणि पुढें या मुनीश्वरानें ‘सिद्धान्तसार्वभौम’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला व लीलावतीवर टीका लिहिली. परंतु प्रस्तुत विषय रंगनाथाचा भाऊ कृष्ण दैवज्ञ याचा आहे.

कृष्णाची गुरुपरंपरा पाहिली म्हणजे महाराष्ट्रांत ही विद्या कशी हातोहात चालत आली होती तें दिसतें. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ हा कोंकणांतील नांदगांवचा, त्याचा पुतण्या नृसिंह, नृसिंहाचा शिष्य विष्णु आणि विष्णूचा शिष्य हा कृष्ण. बादशहा जहांगीराची त्याजवर मर्जी होती. जातकपद्धतीच्या आपल्या विवरणांत उदाहरणासाठीं त्यानें जी कुंडली घेतली ती अब्दुल रहीम खानखानान याची. हा खानखानान म्हणजे ज्यानें दक्षिणेंत मोंगलांच्या फौजा चालविल्या तोच. ज्या सत्तेनें वऱ्हाड जिंकलें त्याच सत्तेच्या सेनापतीची पत्रिका वऱ्हाडच्या एका मुलानें काशींत बसून मांडावी, हा योग इतिहासानें सहज जुळवून आणला.

कृष्णाची कीर्ति मात्र पत्रिकेवर नाहीं. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर त्यानें इसवी सन १६०० च्या सुमारास जी टीका लिहिली तिच्यावर आहे. ती ‘बीजपल्लव’ किंवा ‘नवांकुर’ या नांवांनीं प्रसिद्ध आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३० सालीं दत्तात्रेय विष्णु आपटे यांच्याकडून संपादून ती छापली, म्हणून ती आतां संस्कृत जाणणाऱ्या कोणासहि पाहतां येते.

भास्कराचार्यांनीं ११५० सालीं लिहिलेल्या ‘बीजगणिता’ंत एक प्रश्न आहे. दिसण्यांत तो अगदीं साधा. असा कोणता वर्ग आहे कीं ज्याला ६७ नीं गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां वर्गच येतो? आणि असा कोणता कीं ज्याला ६१ नीं गुणून १ मिळविला असतां वर्ग येतो? दोन्ही प्रश्न एकाच श्लोकांत शेजारीं शेजारीं बसविलेले आहेत. श्रोत्यांनीं लहान संख्येवर हें करून पहावें म्हणजे प्रश्नाचा अर्थ ध्यानांत येईल. ३ ही संख्या घ्या. १ चा वर्ग १, त्याची तिप्पट ३, त्यांत १ मिळविला कीं ४. हा २ चा वर्ग. ३ च्या बाबतींत उत्तर पहिल्याच पावलास मिळालें. ज्या संख्येनें गुणावयाचें तिला आपल्याकडील गणिती ‘प्रकृति’ म्हणत, ज्याचा वर्ग गुणावयाचा तें ‘कनिष्ठ’ मूळ, आलेल्या वर्गाचें तें ‘ज्येष्ठ’ मूळ आणि मिळविलेला अंक तो ‘क्षेप’. प्रकृति ३, कनिष्ठ १, ज्येष्ठ २, क्षेप १.

आतां ६७ आणि ६१ या दोन्ही संख्या मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि पूर्णांकानें त्यांना निःशेष भाग जात नाहीं. आकारानें दोघीहि लहान. पण त्यांच्या पोटांत काय दडलें आहे पहा. ६७ चें उत्तर कनिष्ठ ५,९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२. हें फार मोठें नाहीं. चिकाटीचा माणूस एखाद्या आठवड्यांत त्याच्यापर्यंत पोहोंचेल. ६१ ही त्याहून लहान संख्या, तेव्हां तिचें उत्तरहि लहान असावें असें वाटणें साहजिक आहे. परंतु तिचें सर्वांत लहान उत्तर कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ असें आहे. बावीस कोटींच्या अलीकडे एकहि संख्या ही अट पुरी करीत नाहीं. एखाद्यानें १ पासून आरंभ करून मिनिटास एक संख्या तपासली, झोंप आणि जेवण सोडून रात्रंदिवस तपासली, तर हें उत्तर हातीं येण्यास सुमारें ४३० वर्षें लागतील. कृष्ण दैवज्ञ टीका लिहीत होता त्या सुमारास जर कोणी या उद्योगास बसला असता, तर एकविसाव्या शतकाचीं तीन दशकें संपत आल्यावर त्याला उठावयास मिळालें असतें. मध्यंतरीं शंभर वर्षांनीं किंवा तीनशें वर्षांनीं त्याला कोणी विचारलें असतें कीं, असा वर्ग आहे काय, तर त्यानें आपल्या कोट्यवधि निष्फळ प्रयत्नांकडे बोट दाखवून ‘नाहीं’ असें उत्तर दिलें असतें. आणि तें चुकलें असतें.

भास्कराचार्यांनीं हें उत्तर चांचपडत शोधलें नाहीं. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं ‘भावना’ नांवाची एक युक्ति सांगितली होती: एका प्रकृतीच्या दोन उत्तरांवरून त्याच प्रकृतीचें तिसरें उत्तर तयार करावयाचें, आणि त्यांत दोन्ही क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप होतो. या भावनेवर ‘चक्रवाल’ ही रीति उभारली आहे. चक्रवालाचें श्रेय पुष्कळदां एकट्या भास्कराचार्यांस दिलें जातें तें बरोबर नाहीं. १०७३ सालच्या एका टीकेंत जयदेव नांवाच्या गणित्याचे श्लोक उतरलेले आहेत आणि त्यांत ही रीति आहे. ६१ वर ती कशी चालते पहा. १ चा वर्ग घेऊन ६१ नीं गुणला आणि ३ मिळविले कीं ६४, म्हणजे ८ चा वर्ग. हवा होता क्षेप १, मिळाला ३. चक्राचा एक फेरा फिरविला कीं नवें उत्तर येतें: कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, आणि क्षेप उणे ४, कारण ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १,५२५, त्यांतून ४ गेले कीं १,५२१, आणि तो ३९ चा वर्ग. क्षेप उणे ४ आला कीं पुढें फेरे घेण्याचें कारण उरत नाहीं. ब्रह्मगुप्ताच्या नियमानें या उत्तराची स्वतःशींच भावना करीत गेलें असतां प्रथम कनिष्ठ ३,८०५ आणि ज्येष्ठ २९,७१८ हीं मुळें मिळतात. यांचा क्षेप उणे १ आहे. त्यांची पुन्हां एकवार स्वतःशीं भावना केली कीं क्षेप अधिक १ होतो आणि तीं बावीस कोटींचीं व पावणेदोन अब्जांचीं मुळें समोर उभीं राहतात. चारशें तीस वर्षांचें काम पाटीच्या दोन्ही बाजूंस मावतें.

मध्यें जो उणे १ क्षेप आला तेथें थोडें थांबावें लागतें, कारण मूळ संख्यांचा खरा स्वभाव तेथेंच दिसूं लागतो. ६१ च्या वर्गपटींतून १ वजा करून वर्ग मिळतो. मग ६७ च्या पटींतूनहि १ वजा करून कधीं वर्ग मिळेल काय? भास्कराचार्यांनीं सांगून ठेविलें आहे कीं प्रकृति ही दोन वर्गांची बेरीज नसेल तर अशा प्रश्नास उत्तर नाहीं. तो प्रश्नच ‘खिल’, म्हणजे पडीक जमिनीसारखा निष्फळ. ६१ ही ५ आणि ६ यांच्या वर्गांची बेरीज आहे: २५ आणि ३६. ६७ अशी दोन वर्गांत फुटत नाहीं. याचें कारण शोधावयास गेलें तर ४ नीं भागून पहावें. ६१ ला ४ नीं भागिलें कीं बाकी १ राहते. ६७ ला भागिलें कीं बाकी ३ राहते. आतां कोणत्याहि पूर्णांकाचा वर्ग ४ नीं भागला तर बाकी ० किंवा १ एवढीच राहूं शकते. २ किंवा ३ कधींच नाहीं. ज्या संख्येचा वर्ग ६७ नीं गुणावयाचा ती सम असेल तर गुणाकारास ४ नीं भाग जातो, आणि त्यांतून १ वजा केला कीं बाकी ३ उरते. ती विषम असेल तर गुणाकाराची बाकी ३, त्यांतून १ गेला कीं २ उरते. दोन्ही बाजूंनीं वाट बंद. म्हणून ६७ च्या बाबतींत असा वर्ग शंभरांत नाहीं, कोटींत नाहीं, परार्धांत नाहीं, कोठेंच नाहीं.

या दोन उदाहरणांतील अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. ६१ साठीं बावीस कोटी वेळां ‘नाहीं’ असा अनुभव आला तरी तो अनुभव खोटा ठरतो. ६७ साठीं एकहि संख्या न तपासतां, चार ओळींच्या विचारानें, अनंत संख्यांविषयीं ‘नाहीं’ म्हणतां येतें आणि तें अढळ राहतें. पहिल्याला नुसती पाहणी म्हणावें, दुसऱ्याला उपपत्ति. कृष्ण दैवज्ञाचें मोठेपण या भेदाच्या जाणिवेंत आहे.

‘बीजपल्लवा’ंत एके ठिकाणीं कृष्ण एका सर्वपरिचित नियमाची चर्चा करितो. दोन राशींच्या वर्गांच्या बेरजेंत त्यांच्या गुणाकाराची दुप्पट मिळविली असतां त्यांच्या बेरजेचा वर्ग होतो, हा तो नियम. शाळेंतील मुलासहि तो ठाऊक असतो. कृष्ण विचारतो कीं हें उपपत्तीवांचून मानावें तरी कां? कांहीं ठिकाणीं तसें दिसतें एवढ्यानें भागत नाहीं. तसें पाहिलें तर दोन राशींच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग, असाहि नियम कोणी सांगेल आणि उदाहरणें देईल. दोन आणि दोन घेतले तर गुणाकार चार, त्याची चौपट सोळा. बेरीज चार, तिचा वर्ग सोळा. तीन आणि तीन घेतले तरी छत्तीस आणि छत्तीस. दोन आणि तीन घेतांच मात्र एकीकडे चोवीस व दुसरीकडे पंचवीस येऊन तो नियम कोसळतो. तेव्हां कोठें दिसतें आणि कोठें दिसत नाहीं, याला प्रमाण म्हणून किंमत नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. हा निर्णय देऊन तो थांबत नाहीं. तो उपपत्ति देतो. बीजगणितांतील नियमांमागून नियम घेऊन ते कां खरे, हें तो उलगडीत जातो. ब्रह्मगुप्ताच्या भावनेची सिद्धता त्यानें दिली आहे. ऋण संख्या म्हणजे काय हें सांगतांना त्यानें तिचें ऋणत्व देशानें, कालानें आणि वस्तूनें असें तीन प्रकारचें मानिलें आहे: एका दिशेस धन तर उलट दिशेस ऋण, पुढील काळ धन तर मागील ऋण, मालकीचें तें धन आणि देणें तें ऋण.

हिंदु गणित म्हणजे केवळ पाठ करण्याचीं सूत्रें, त्यांत सिद्धतेचा गंधहि नाहीं, असें मत युरोपांतील पंडितांनीं दीर्घकाळ उगाळलें, आणि आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या लोकांनींहि तें मानेनें मान डोलावून स्वीकारलें. या मताला पहिला धक्का खुद्द एका इंग्रजानेंच दिला होता. हेन्री टॉमस कोलब्रुक यानें १८१७ सालीं लंडन येथें ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांच्या गणितग्रंथांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांतील बीजगणिताच्या तळटिपा पाहिल्या तर कृष्णाचें नांव वारंवार भेटतें. मूळ श्लोक संक्षिप्त आणि कोडेवजा. तो कसा लावावा आणि कां खरा मानावा, हें कोलब्रुकला उमगलें तें मुख्यतः टीकाकारांच्या बोटाला धरून, आणि त्यांत पुढें होता तो वऱ्हाडांतील घराण्याचा हा पंडित. भाषांतराची प्रशंसा झाली, मूळ ग्रंथकारांची झाली. टीकाकार तळटिपेंतच राहिला. आपल्या भाषेंत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’ंत या सबंध घराण्याची हकीकत पिढीवार लिहून ठेविली, हें मराठी वाचकांचें भाग्य.

कोलब्रुकपूर्वीं भास्कराचें बीजगणित फारसींत गेलें होतें. शहाजहानच्या कारकीर्दींत १६३४ च्या सुमारास अताउल्ला रुश्दी यानें तें भाषांतर केलें. ताजमहालाशीं ज्याचें नांव जोडलें जातें त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा पुत्र, आणि औरंगाबादचा बिबीका मकबरा बांधणाराहि हाच. बीजगणिताचा भाषांतरकार आणि मकबऱ्याचा शिल्पकार एकच असावा, ही गोष्ट मकबरा पाहून येणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?

हे ग्रंथ युरोपास अज्ञात असतांनाच तिकडे तोच प्रश्न नव्यानें जन्मास आला. १६५७ सालीं फ्रान्समधील पीएर द फर्मा यानें आपल्या काळच्या गणित्यांस आव्हान दिलें, आणि फ्रेनिकल यास लिहितांना फार त्रास होऊं नये म्हणून, असें सांगून, दोन लहानशा संख्या सुचविल्या: ६१ आणि १०९. यांतील विनोद आतां श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. दोन्हीहि मूळ संख्या, दोहोंसहि ४ नीं भागून बाकी १ राहणारी, आणि दोहोंचीं उत्तरें अवाढव्य. इंग्लंडांतील ब्राउन्कर आणि वॉलिस यांनीं रीति शोधली. ऑयलर याच्या गैरसमजुतीमुळें या समीकरणास पेल नांवाच्या तिसऱ्याच माणसाचें नांव पडलें, तें अजून सुटलेलें नाहीं. रीति प्रत्येक वेळीं उत्तराप्रत पोहोंचतेच, याची सिद्धता १७६८ सालीं लाग्रांज यानें दिली.

या ठिकाणीं अभिमानास आवर घातला पाहिजे. चक्रवालाचें चक्र फिरत फिरत प्रत्येक वेळीं १ या क्षेपावर येऊन थांबतेंच, याची सिद्धता आपल्या प्राचीन ग्रंथांत नाहीं. कृष्णाच्या टीकेंतहि नाहीं. ती अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं १९२९ सालीं दिली. मूळ संख्यांचें असें वेगळें शास्त्रहि आपल्याकडे वाढलें नाहीं. कुट्टकांत भाज्य व भाजक समान भागानें छेदून ‘दृढ’ करून घेत. नारायण पंडितानें १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’ंत संख्येचे भाजक शोधण्याची एक चांगली रीति दिली. पण मूळ संख्या किती, त्या कोठें, त्यांचा स्वभाव काय, हे प्रश्न आपल्या पंडितांनीं घेतले नाहींत. दोन वर्गांची बेरीज नसली तर उत्तर नाहीं, एवढें भास्करानें सांगितलें. उलट बाजू, म्हणजे ४ नीं भागून १ बाकी ठेवणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि तिच्या बाबतींत उणे १ चें उत्तर नेहमीं निघतें, ही युरोपांत ऑयलर आणि लजांद्र यांच्या हातून सिद्ध झाली. मूळ संख्या नसेल तर हा भरंवसा राहत नाहीं: ३४ ही ९ आणि २५ यांची बेरीज असूनहि तिचें तसें उत्तर नाहीं.

आणि आतां एक योगायोग. सदुसष्ट आणि एकसष्ट ही जोडी भास्कराच्या श्लोकानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं पॅरिसमध्यें पुन्हां एकत्र आली, आणि या वेळीं एका अतिप्रचंड मूळ संख्येच्या प्रकरणांत. मारॅं मर्सेन नांवाचा एक ख्रिस्ती साधु तेथें होता. २ चा घात घेऊन त्यांतून १ वजा केला असतां कित्येकदां मूळ संख्या मिळते. घात २ घेतला तर ३, घात ३ घेतला तर ७, घात ५ ला ३१, घात ७ ला १२७, सर्व मूळ. एवढें पाहून कोणी म्हणेल कीं घातांक मूळ असला कीं उत्तरहि मूळ. येथें कृष्ण दैवज्ञाचा इशारा आठवावा. घात ११ घेतांच २,०४७ येतात आणि ते २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघतात. मग कोणत्या घाताला मूळ संख्या मिळते? १६४४ सालीं मर्सेननें २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादी छापली. तींत ६७ होता, ६१ नव्हता.

दोन्हींकडे तो चुकला. फ्रान्समधील एदुआर ल्युका यानें १८७६ सालीं दाखविलें कीं २ च्या सदुसष्टाव्या घातांतून १ वजा केल्यावर येणारी संख्या मूळ नाहीं. तिचे भाग मात्र त्यालाहि सांपडले नाहींत. ते १९०३ सालीं अमेरिकेंतील फ्रँक नेल्सन कोल यानें शोधले. न्यूयॉर्कच्या सभेंत तो फळ्यापाशीं गेला, एका बाजूस १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या मांडली, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरें जुळलीं आणि तो एक शब्दहि न उच्चारतां जागेवर येऊन बसला, अशी आख्यायिका आहे. इकडे ६१ ची बाजू १८८३ सालीं उजळली. रशियांत उरल पर्वताच्या बाजूला एका खेड्यांत इव्हान मिखेयेविच परव्हुशिन नांवाचा धर्मोपदेशक होता. गांवकऱ्यांचीं बारसीं आणि अंत्यविधि उरकून उरलेल्या वेळांत त्यानें सिद्ध केलें कीं २ च्या एकसष्टाव्या घातांतून १ वजा केला असतां येणारी २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ ही एकोणीस अंकी संख्या मूळ आहे. मर्सेनच्या यादींत ६१ च्या जागीं ६७ हा मुद्रणाचा दोष असावा, असा तर्क त्यामुळें कित्येकांनीं केला. तो खरा मानला तरी यादींतील इतर चुका त्यानें निघत नाहींत.

एकोणीस अंकांची संख्या मूळ आहे हें ठरवावयाचें कसें? फर्मानें दाखविल्याप्रमाणें या संख्येचा भाजक असलाच तर तो १२२ च्या पटींत १ मिळवून झालेला असला पाहिजे. तरीहि वर्गमुळापर्यंत असे सुमारें १ कोटी २४ लक्ष उमेदवार राहतात. आणखी एका नियमानें त्यांतील निम्मे गळले तरी साठ लक्षांहून अधिक भागाकार हातानें करावे लागतील. ल्युकानें शोधिलेल्या आणि १९३० सालीं डेरिक लेमर यानें पूर्ण सिद्ध केलेल्या कसोटींत एकहि भाजक तपासावा लागत नाहीं. ४ पासून आरंभ करावा. वर्ग करावा, २ वजा करावे, आणि तपासावयाच्या संख्येनें भागून बाकी ठेवावी. पुन्हां त्या बाकीचा वर्ग, पुन्हां २ वजा. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां हें केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीं तर नाहीं. घात ५ साठीं हें तोंडीं होतें. ४ चा वर्ग उणे २ म्हणजे १४. १४ चा वर्ग उणे २ म्हणजे १९४, त्याला ३१ नीं भागून बाकी ८. ८ चा वर्ग उणे २ म्हणजे ६२, आणि ६२ ला ३१ नीं निःशेष भाग जातो. तीन पायऱ्यांत ३१ मूळ ठरली. परव्हुशिनच्या एकोणीस अंकी संख्येला अशा एकोणसाठ पायऱ्या पुरतात.

४, १४, १९४ हे अंक आकाशांतून पडलेले नाहींत. आरंभीं ३ या प्रकृतीचें उदाहरण घेतलें होतें. तिचीं मुळें कनिष्ठ १ आणि ज्येष्ठ २. या मुळांची स्वतःशीं भावना केली कीं कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ७ येतात. त्यांची पुन्हां स्वतःशीं भावना केली कीं कनिष्ठ ५६ आणि ज्येष्ठ ९७. ज्येष्ठ मुळें अनुक्रमें २, ७, ९७. त्यांची दुप्पट ४, १४, १९४. ल्युका आणि लेमर यांच्या कसोटींतील प्रत्येक पायरी म्हणजे ब्रह्मगुप्ताची भावना, जिची सिद्धता पयोष्णीच्या कांठच्या घराण्यांतील कृष्णानें ‘बीजपल्लवा’ंत लिहून ठेविली तीच. ल्युकाला यांतील कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तो आपल्या वाटेनें त्याच पाणवठ्यावर आला.

ऑक्टोबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील ल्यूक ड्युरंट यानें यंत्रांच्या साह्यानें जी मूळ संख्या शोधली ती २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातांतून १ वजा करून मिळते. तिच्यांत ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिचीहि अखेरची खात्री याच कसोटीनें करण्यांत आली, आणि त्या कसोटीची पहिली पायरी ४ होती, दुसरी १४, तिसरी १९४.